पहिला कोणता पेटणार?

आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट. त्यात दोन चुंबक, एक भिंग, तोंड फुटलेल्या चार परीक्षानळ्या आणि गुंडाळून ठेवलेला मानवी सांगाड्याचा तक्ता. शाळा उर्दू माध्यमाची, दाभोळ खाडीच्या काठावरच्या एका गावातली. वर्गात मुली अधिक, मुलगे कमी. मुलग्याला इंग्रजी शाळेत घालायची ऐपत आणि हौस आखाताच्या पैशाने घरोघर आणली. मुलीला मात्र गावातली शाळा बरी, असे ठरलेले. आठवी ते दहावीचे विज्ञान आणि गणित आमच्याकडे आहे. (उर्दूत ‘हम’ म्हणायची सवय लागलेली, त्यामुळे मराठी लिहिताना ‘मी’च्या जागी ‘आम्ही’च येते. वाचकांनी चालवून घ्यावे.)

बी.एड.ला असताना पाठ टाचणात ‘विद्यार्थी कृती’ असा एक रकाना असे. ‘विद्यार्थी निरीक्षण करतील’, ‘विद्यार्थी प्रश्नांची उत्तरे देतील’ असे त्यात लिहायचे. शाळेतल्या कपाटाकडे पाहिले की त्या रकान्याचे हसू येई. चुंबक दोन आणि विद्यार्थिनी एकेचाळीस. निरीक्षण कोण करील आणि कशाचे?

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, ते सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आम्ही अधूनमधून जात असू. दुकानाचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणतो, तीस वर्षांचा माल छोट्या छोट्या खणांत लावून बसलेले. तो सगळा चिखलात गेला. चार-पाच महिन्यांनी आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी दोन पिशव्या पुढे केल्या. “मॅडम, हे मी आता निवडत बसणार नाही. तुमच्या पोरींना खेळायला होईल.” पिशव्यांत वाळलेल्या चिखलासकट रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, एलईडी, तारांचे तुकडे. आम्ही ते घरी आणून बादलीत धुतले, गच्चीवर जुन्या चादरीवर वाळवले आणि स्वस्तातल्या मल्टिमीटरवर एकेक मोजला. रेझिस्टर जवळजवळ सगळे शाबूत निघाले. एलईडी बरेचसे. ट्रान्झिस्टर निम्मे. कपॅसिटर मात्र टाकून द्यावे लागले. ते पुढे मुंबईला गेलो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून नवे आणले. तिथल्या गल्लीत कुणीही बाई दुकानाशी उभी राहिली की पहिला सवाल येतो, “प्रोजेक्ट आहे का?” म्हणजे मुलाच्या कॉलेजचे सामान न्यायला आलेली आई. आम्ही सांगितले, प्रोजेक्टच आहे, पण आमच्या मुलींचा, आणि त्या एकेचाळीस आहेत. त्याने शंभराच्या वर कपॅसिटर मोजून दिले आणि पाच फुकट घातले.

आम्ही निवडला तो परिपथ इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा करतो. दोन एलईडी आळीपाळीने लागतात आणि विझतात. दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर, दोन दिवे, एकूण दहा भाग आणि सहा व्होल्टसाठी चार पेन्सिल सेल. एका संचाला पस्तीस रुपयांच्या आत खर्च, आमचा तर त्याहून कमी, कारण निम्मा माल पुराने दिलेला. 555 नावाची चिप घेतली असती तर काम आणखी सोपे झाले असते. ती चिप 1972 पासून बाजारात आहे आणि आजही विकली जाते. पण चिप म्हणजे बंद पेटी. दिवा लुकलुकतो, आणि का लुकलुकतो ते आत राहते. दोन ट्रान्झिस्टरच्या परिपथात सगळे उघड्यावर असते.

फळीऐवजी आम्ही जाड पुठ्ठा घेतला. त्यावर पेन्सिलीने आकृती काढायची, जिथे तारा भेटतात तिथे ड्रॉइंग पिन टोचायची आणि भागांचे पाय पिनेभोवती घट्ट पिळायचे. सोल्डरची गन शाळेत एकच, तीही आमची. शिवाय वर्गात वीज केव्हा असेल त्याचा नेम नाही. ज्यांच्या पिना ढिल्या राहतील त्यांच्या संचाला शेवटी आम्ही डाग देऊ, असे ठरले.

आता रंगांचे सांगायला हवे. रेझिस्टरवर आकडा लिहिलेला नसतो, रंगीत पट्टे असतात. आमच्याकडे दोन प्रकारचे होते. 470 ओहम म्हणजे पिवळा, जांभळा, तपकिरी. 47 हजार ओहम म्हणजे पिवळा, जांभळा, नारिंगी. पहिले दोन पट्टे अगदी तेच. फरक काय तो तिसऱ्या पट्ट्यात, आणि पावसाळी दिवसात वर्गाच्या उजेडात तपकिरी आणि नारिंगी एकच दिसतात. त्यातून पुराच्या पाण्यात राहिलेले पट्टे. एका गटाचे दोन्ही दिवे लागले, पण अगदी मिणमिणते, आणि लुकलुकेनात. त्यांनी 47 हजारांचे रेझिस्टर दिव्यांच्या वाटेवर बसवले होते. दिव्याला करंट मिळायचा त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढाच मिळत होता. दुसऱ्या एका गटाच्या एलईडीचे पाय उलटे, म्हणजे लांब पाय ऋण टोकाला. एका मुलीने ट्रान्झिस्टरची चपटी बाजू भिंतीकडे केली होती. ट्रान्झिस्टर बीसी 547. त्याची चपटी बाजू आपल्याकडे धरली तर डावा पाय कलेक्टर, मधला बेस, उजवा एमिटर. हे आम्ही फळ्यावर मोठे काढून ठेवले आणि मग कुणाच्याही पुठ्ठ्याला हात लावला नाही. तासभर वर्गात नुसता गोंगाट होता. मुख्याध्यापक दारापर्यंत आले, पाहिले आणि काही न बोलता गेले.

पहिला संच लुकलुकला तेव्हा सगळ्याजणी तिकडे धावल्या. अर्ध्या तासात सहा संच चालू झाले. हे व्हायचेच होते, सामान चांगले असले की परिपथ चालतो. आम्ही ज्यासाठी हे लिहायला बसलो ते त्यानंतरचे.

मागच्या बाकावर एक मुलगी बसत असे. तोंडी परीक्षेत उभी राहिली की मान खाली, उत्तर अर्धे आणि तेही शेजारणीने कुजबुजलेले. तिच्या गटाचा संच चालू होता. ती त्याकडे न पाहता फळ्यावरच्या आकृतीकडे पाहत होती. मग घरच्या बोलीत म्हणाली, “टीचर, दोन्ही बाजू सारख्याच हायत ना? मग पयली कुठली पेटणार?”

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आकृती खरोखरच आरशातल्यासारखी आहे. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे. दोन्हीकडे तोच ट्रान्झिस्टर, तोच रेझिस्टर, तोच कपॅसिटर. मग सेल जोडताच दोघांपैकी एकच का पेटतो? दोन्ही का पेटत नाहीत? आम्ही पुस्तके पाहिली आहेत. बहुतेकांत ‘समजा, पहिला ट्रान्झिस्टर आधी चालू झाला’ असे म्हणून पुढे जातात. ‘समजा’ कशाला, हे विचारायला ही मुलगी लागली.

उत्तर असे की, दोन्ही बाजू सारख्या नसतातच. रेझिस्टरच्या टोकाचा सोनेरी पट्टा सांगतो की लिहिलेल्या आकड्याच्या पाच टक्के इकडे किंवा तिकडे असू शकेल. आमचे कपॅसिटर तर वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकणारे. आणि ट्रान्झिस्टर? एकाच बीसी 547 नावाने विकल्या जाणाऱ्यांची करंट वाढवण्याची ताकद 110 पासून 800 पर्यंत कुठेही असू शकते. शेवटचे ए, बी, सी अक्षर त्यावरूनच पडलेले. तेव्हा सेल जोडल्याच्या क्षणी एकाचे पाऊल केसभर पुढे पडते. जो केसभर पुढे, तो दुसऱ्याला दाबून बंद करतो, आणि ते दाबणे त्याला आणखी पुढे ढकलते. मग त्यांची पाळी बदलत राहते. आम्ही तिला मल्टिमीटर दिला आणि तिच्याच संचातले दोन रेझिस्टर काढून मोजायला लावले. एक 46.3 हजार, दुसरा 47.9. ती दोन्ही आकडे वहीत लिहून घेऊन जागेवर गेली. दुसऱ्या दिवशी ती डावीकडचा रेझिस्टर उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावून बसली होती, सुरुवात बदलते का पाहायला. बदलली नाही. म्हणजे रेझिस्टरपेक्षा ट्रान्झिस्टरचा फरक मोठा असणार, हे तिने स्वतः म्हटले. आम्ही ते ट्रान्झिस्टरही बदलायला लावले आणि मग मात्र दुसरा दिवा आधी पेटला.

बाकीचे गणितही या निमित्ताने झाले. दिवा किती वेळ लागून राहील? रेझिस्टर गुणिले कपॅसिटर, त्याला 0.69 ने गुणायचे. 47 हजार ओहम आणि 10 मायक्रोफॅरड घेतले की साधारण एक तृतीयांश सेकंद येतो. दोन दिव्यांची फेरी झाली की सेकंदाचा दोन तृतीयांश, म्हणजे मिनिटाला सुमारे नव्वद लुकलुकी. मुलींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजले, 104 आल्या. त्याचेही कारण आहे. एलईडी स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, त्यामुळे कपॅसिटरची उडी छोटी पडते आणि पाळी लवकर येते. 10 च्या जागी 100 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले तर दहापट सावकाश. एकाच बाजूला मोठा लावला तर एक दिवा रेंगाळतो आणि दुसरा डोळा मारून जातो. यावर वर्गात जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

इथून आमची भाषेची अडचण सुरू होते. उर्दू पुस्तकात करंट म्हणजे बर्की रौ, रेझिस्टन्स म्हणजे मुजाहमत, परिपथ म्हणजे बर्की दौर. मराठी पुस्तकात विद्युतधारा, रोध, विद्युत परिपथ. चिपळूणच्या काकांच्या दुकानात करंट, रेझिस्टर, सर्किट. आणि घरी या मुली ज्या कोकणी बोलीत आईशी भांडतात त्या बोलीत यांतले काहीच नाही. ‘मुजाहमत’ हा शब्द मुलींना पाठ आहे, व्याख्येसकट. पण तो शब्द उच्चारून कुणी प्रश्न विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. प्रश्न घरच्या बोलीत येतो, उत्तर पुस्तकाच्या उर्दूत द्यावे लागते. मधले अंतर मुलीने एकटीने कापायचे.

यावर कुणी म्हणतात, उर्दूत विज्ञान होतच नाही. ते खरे नाही. हैदराबादेत 1917 साली दारुत्तर्जुमा स्थापन झाले, त्यापुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ. तिथे तीस वर्षे डॉक्टर आणि इंजिनियर उर्दूतून शिकले. पदार्थविज्ञानाची जाडजूड पुस्तके भाषांतरित झाली, शब्द घडवले गेले. मुजाहमतीसारखे शब्द अशाच मेहनतीचे फळ आहेत. शब्द चांगले आहेत. मात्र त्या शब्दांच्या मागे तेव्हा विद्यापीठ होते, दवाखाने होते, कारखाने होते. आमच्या मुलीच्या मुजाहमतीमागे दहावीचा पेपर आहे आणि त्यानंतर काही नाही. दहावीनंतर सायन्स घ्यायचे तर आमच्या भागात ते इंग्रजीतून. तिथे मुजाहमतही नाही आणि रोधही नाही.

आणखी एक वाट आमच्या समाजात लोकप्रिय आहे. हे सगळे आपल्याच बुजुर्गांनी शोधले, असे म्हणून समाधान मानायचे. आम्ही वर्गात अल-जझरीचे नाव घेतले, पण त्यासाठी नव्हे. 1206 साली दियारबकरच्या दरबारात त्याने यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यात आळीपाळीने रूप बदलणारी कारंजी आहेत. पाणी एका अंगाला जाताना त्यातले थोडे थोडे बादलीत साठते. बादली भरली की कलंडते आणि कलंडताना नळीला दुसऱ्या अंगाला झुकवते. मग तिकडची बादली भरायला लागते. हळूहळू भरणे आणि एकदम उलटणे, आमच्या पुठ्ठ्यावर कपॅसिटर तेच करतो. बगदादच्या बनू मूसा भावांनी नवव्या शतकात अशी कारंजी केली होती. अल-जझरी त्यांना मान देतो आणि लगेच म्हणतो की त्यांची पाळी फार लवकर बदलते, पाहणाऱ्याला मजा येत नाही. आम्हाला हे वाक्य फार आवडते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या थोरांना नमस्कार करून त्याने त्यांची वेळ मोजली आणि आपली बादली मोठी केली. आमच्या मुलींनी 10 चा कपॅसिटर काढून 100 चा लावला, ते तरी दुसरे काय होते?

या परिपथाचा स्वतःचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. फ्रान्सचे आंरी आब्राम आणि युजेन ब्लॉक यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात तो केला आणि 1919 मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हता, काचेचे व्हॉल्व्ह होते. त्यांनी नाव दिले मल्टिव्हायब्रेटर. हे दोघेही ज्यू. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी दोघांनाही पकडून ऑशविट्झला नेले आणि तिथेच ते मारले गेले. आम्ही हे मुलींना सांगितले तेव्हा वर्ग गप्प झाला. एकीने विचारले, “म्हातारे होते?” आम्ही म्हटले, हो, आब्राम पंचाहत्तरीचे. ती परत पुठ्ठ्याकडे वळली.

2023 च्या जानेवारीत एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही दोन मुलींना नेले. त्यांत ती एक. तक्ता उर्दूत होता, खाली मराठी ओळी. परीक्षक आले. त्यांतल्या एकाने तक्ता पाहून विचारले, “हे वाचणार कोण?” आम्ही म्हटले, ही वाचेल, तुम्ही विचारा. त्यांनी तिला विचारले की दिवे आळीपाळीने का लागतात. आम्हाला धास्ती होती की ती मान खाली घालणार. तिने घातली नाही. तिने जे सांगितले ते आम्ही कुठे शिकवले नव्हते. ती म्हणाली, “दोघी बहिणी समजा. एक उठते ती दुसरीला खाली बसवूनच उठते. पण बसलेली गप्प नाही बसत. ती हळूहळू दम धरते. दम भरला की ती उठते, आणि उठताना पहिलीला बसवते. हा कपॅसिटर म्हणजे दम. हा रेझिस्टर दम किती सावकाश भरायचा ते ठरवतो.”

पंचवीस पानी पुस्तकात हे इतक्या नेटके सापडायचे नाही. ट्रान्झिस्टर चालू होताना त्याच्या कलेक्टरचा दाब शून्याजवळ येतो. त्याला जोडलेला कपॅसिटर दुसऱ्याचा बेस शून्याखाली ढकलतो. मग 47 हजारांच्या रेझिस्टरमधून तो बेस सावकाश वर चढतो आणि 0.6-0.7 व्होल्टवर आला की दार उघडते. तिने यातला एकही आकडा न घेता सगळे सांगितले. परीक्षक म्हणाले, “बरं. पण कपॅसिटरला शास्त्रीय भाषेत काय म्हणतात?” ती म्हणाली, कपॅसिटर. त्यांना ‘धारित्र’ हवे होते. मग दुसऱ्याने विचारले, “याचा उपयोग काय?” आणि उत्तराची वाट न पाहता ते पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे थर्मोकोलचा धबधबा होता आणि त्यावर वीज तयार होत होती, निदान तसे लिहिले होते. आमच्या मुलींना सहभागाचे प्रमाणपत्र मिळाले. त्यावर तिच्या नावात दोन चुका होत्या.

उपयोगाचे उत्तर तिच्या मामूने दिले. त्यांची होडी धक्क्याला बांधलेली असते. रात्री इतर होड्या येताना दिसावी म्हणून त्यांनी तो संच लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून काठीला बांधला. वर्गात लगेच उदाहरण तयार झाले. दिव्याला साधारण साडेआठ मिलिअँपिअर लागतात, एक ना एक दिवा नेहमी चालू, सेल हजार मिलिअँपिअर-तासांचा धरला तर दहा तासांच्या किती रात्री? गणिताने सुमारे पावणेबारा येतात. नवव्या रात्री दिवे अगदी मंद झाले. सेल जसा उतरतो तसा त्याचा दाब उतरतो, शेवटच्या थेंबापर्यंत तो सारखा देत नाही, हेही त्यातून निघाले.

तिचे अब्बा दोहाला. वीस वर्षे इलेक्ट्रिकल फिटिंगचे काम करतात. एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. तिने पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर धरला. ते हसले. मग विचारू लागले, ही तार इकडे का, हा पाय मोकळा का नाही. ती सांगत गेली, दोघी बहिणी आणि दम. बराच वेळ ते ऐकत होते. मग आम्हाला म्हणाले, “टीचर, मी इमारतीच्या इमारती वायर केल्या. लाल तार इथे, काळी तिथे, फोरमन सांगेल तसं. हे असं का, ते कोणी सांगितलं नाय, मी इचारलं नाय. इचारलं असतं तर हाकलला असता.” फोन ठेवल्यावर दादी म्हणाली, पोराने आज जेवण केले का ते विचारायचे राहिले.

दहावीला तिला विज्ञानात चांगले गुण मिळाले. 2025 मध्ये अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. फॉर्म भरायला ती आणि तिची अम्मी आमच्याकडे आल्या. अम्मीचे म्हणणे, आर्ट्स घ्यावे. गावापासून कॉलेज अठरा किलोमीटर, सायन्सचे प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जाते, आणि सगळे इंग्रजीत. “टीचर, तुम्हीच सांगा, ही तिथे काय बोलणार?” आम्ही एसटीच्या वेळा आधीच विचारून ठेवल्या होत्या. आठवड्यात दोन दिवसच प्रॅक्टिकल उशिरा संपते. त्या दिवशी मामू मोटारसायकलने आणतील, हे त्यांच्याकडून वदवून घेतले होते. इंग्रजीचे मात्र आमच्याकडे काही उत्तर नव्हते. अम्मीने दोहाला फोन लावला. तिकडून आवाज आला, “सायन्स भर. पोरीला इचारायला येतं.”

ऑगस्टमध्ये ती भेटायला आली. सुरुवातीला वर्गात काही कळले नाही, असे तिनेच सांगितले. तिच्या फिजिक्सच्या वहीत इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने मराठी, त्याखाली उर्दू. काही ठिकाणी चौथी ओळ होती. कपॅसिटन्सखाली ‘दम’. आम्ही म्हटले, परीक्षेत हे लिहू नकोस. ती म्हणाली, लिहीत नाही, पण वाचताना लागते. कॉलेजातल्या सरांना तिने अजून एकही प्रश्न विचारलेला नाही. वर्गात एकशे वीस मुले आहेत आणि विचारायचे तर इंग्रजीत विचारावे लागते, असे तिला वाटते. सर मराठी आहेत, घरी मराठीच बोलत असतील, हे आम्ही सांगून पाहिले.

निघताना मात्र चप्पल घालता घालता थांबली. “टीचर, दोघींच्या जागी तिघी बहिणी बसवल्या तर? पहिली दुसरीला बसवेल, दुसरी तिसरीला, तिसरी पहिलीला. मग फिरत राहील, की सगळ्या अडकून बसतील?”

आम्ही कपाट उघडले. तीन ट्रान्झिस्टर, तीन कपॅसिटर, सहा रेझिस्टर. लाल एलईडी दोनच उरले होते, तिसरा हिरवा दिला. रविवारी घेऊन ये म्हणालो.